टेपवर आहे ना

“बोल पोरा, रीळ फिरतंय.”

विलाड्समामाचा हा आवाज पन्नास वर्षं क्रेस्टेनच्या कानात मुक्कामाला होता. लग्नाच्या जेवणात, भाजलेलं डुक्कर आणि लाल कोबी आटोपल्यावर, मामाने सिगारचा धूर सोडत मायक्रोफोन त्याच्या नाकाखाली धरला होता. पाहुणे चमच्यांनी ताटं बडवत होते, बुटांनी जमीन ठोकत होते, कारण जमीन ठोकली की नवरानवरीने टेबलाखाली शिरून एकमेकांचा मुका घ्यायचा असतो. त्या गदारोळात क्रेस्टेन उभा राहिला आणि बोलला. काय बोलला ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. आठवडाभर तो ते गोठ्यातल्या गायींना म्हणून दाखवत होता. गायींनी हरकत घेतली नव्हती.

त्यानंतर त्या विषयावर तो परत बोलला नाही. फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीच्या काठच्या त्या गावात वारा बोलतो, लाटा बोलतात, बगळेसुद्धा कधीमधी बोलतात. माणसं जपून बोलतात. मुलगी डॉक्टर झाली तर ‘वाईट नाही’, आणि वादळात कोठाराचं छप्पर उडालं तर ‘हे काही बरं नाही झालं’. एवढ्यात सगळं येतं.

त्याची बायको बोडिल याच गावची, पण चर्चच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गायची, त्यामुळे तिचा गळा थोडा मोकळा झाला होता. वर्षातून एखाद्या वेळी भांडी पुसता पुसता ती विचारायची, “काय रे, प्रेम आहे का तुझं माझ्यावर?”

“टेपवर आहे ना,” क्रेस्टेन म्हणायचा.

“कधी ऐकवशील?”

“आहे तिथे आहे. पळून जातंय थोडंच?”

टेप कपाटात होती, चादरींच्या खाली. मामा गेल्यावर त्याचा सुटकेसएवढा टेपरेकॉर्डरही याच घरी आला. तरी ते भाषण कधी कुणी लावलं नाही. आपणच बोललेलं आपण बसून ऐकायचं, म्हणजे आरशासमोर बसून जेवण्यासारखं झालं, असं क्रेस्टेनचं मत होतं.

खरं कारण वेगळं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी सासूबाईंचा वाढदिवस नेमका स्वीडनविरुद्धच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी आला. सासूबाईंकडे रेडिओ लावायची पद्धत नव्हती. निघायच्या घाईत क्रेस्टेनला दुसरं रीळ सापडेना, म्हणून त्याने कपाटातलं चढवलं, रेडिओला वायर जोडली, लाल बटण दाबलं आणि फुलं घेऊन गाडीत बसला. क्रीमचा केक खाताना, दुसऱ्या तुकड्याला, त्याच्या लक्षात आलं की आपण काय पुसतोय. तोवर मध्यंतर झालं होतं. शिवाय मॅचही आपण हरलो.

इतकी वर्षं हे कुणाला कळलं नव्हतं. आणि कळायची वेळ आली ती सुवर्णविवाहामुळे.

सुवर्णविवाह, म्हणजे लग्नाची पन्नाशी, म्हटला की गल्लीने दारावर कमान बांधायची, स्प्रूसच्या फांद्या आणि सोनेरी कागदाची फुलं लावून, आणि सकाळी सकाळी खिडकीखाली गाऊन जोडप्याला उठवायचं. कमानीचा कारभार शेजारच्या राग्नाकडे. ती बोडिलची पाठराखीण होती लग्नात, आणि तेव्हापासून तिने पाठ सोडली नव्हती.

“मी टेबलाच्या पार त्या टोकाला बसले होते,” ती कॉफी ढवळत म्हणाली. “या बाबाचं भाषण काही मला ऐकू आलं नाही. कमानीखाली तेच लावू या.”

बोडिलच्या हातातली बशी वाजली. बिचारी हळवी झाली, असं क्रेस्टेनला वाटलं.

“रेकॉर्डर चालत नाही तो,” तो म्हणाला.

“कित्येक वर्षांत नाही,” बोडिल लगेच म्हणाली.

“मग प्रेबेन कशासाठी आहे?” राग्ना म्हणाली.

प्रेबेन समोर राहायचा. त्याच्या घरात माणसाला बसायला जागा नव्हती, पण आवाजाला ऐसपैस होती. खुर्चीवर ग्रामोफोन, जिन्यावर तबकड्या, न्हाणीघराच्या फळीवर कॅसेटी. बायको बहिणीकडे राहायला गेली होती. स्पीकर राहिले होते. तो आला, टेपरेकॉर्डरवरून असा हात फिरवला, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवतात, आणि त्याचे डोळे पाणावले.

“आताची गाणी हवेतून येतात, हवेत जातात,” तो म्हणाला. “हाताला काही लागतं का? हे बघ, केवढं वजन. हे घरात आणायचं तर दोन माणसं लागायची. मग लोक ऐकायचेही नीट. वायर कुठाय याची?”

वायर नव्हती. क्रेस्टेनने सगळीकडे शोधली, अगदी मनापासून शोधली, आणि ती सापडेना तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. आकाशातल्या बापाला आपली दया आली, असं त्याला वाटलं. तेवढ्यात प्रेबेन घरी जाऊन दाढीच्या यंत्राची वायर घेऊन आला. ती चपखल बसली. रेकॉर्डरचा दिवा लागला. बोडिल म्हणाली, “वा,” आणि खाली बसली.

मग क्रेस्टेननेच हात घातला. प्रेबेन जेवायला गेला, तेव्हा त्याने रेकॉर्डरचं मागचं झाकण उघडलं, रिळं फिरवणारा रबरी पट्टा काढला आणि मासे धरायच्या गळांच्या डब्यात लपवला. प्रेबेन परत आला, आत डोकावला, हळहळला. “रबर विरघळलं असणार. वय झालं. आपलंही होतंय.” आणि त्याने बोडिलच्या काकडीच्या लोणच्याच्या बरणीचं रबर काढून तिथे बसवलं. रिळं फिरू लागली. घरभर व्हिनेगरचा वास सुटला.

आता एकच उपाय होता. रीळच फ्योर्डात टाकायचं. आदल्या संध्याकाळी क्रेस्टेनने चादरींखाली हात घातला. चादरींखाली चादरी होत्या.

प्रेबेननेच नेलं, असं क्रेस्टेनला वाटलं. आता काही झालं तरी त्याच्या घरी जाऊन ते आणायला हवं. पण तेवढ्यात अंगणात हातोड्यांचा आवाज सुरू झाला. कमान बांधणारे आले होते, आणि कमान बांधली जात असताना जोडप्याला काही पत्ता नसायला हवा, ही रीत. जूनचं ऊन खिडकीवर चमचमत होतं, बाहेर अख्खी गल्ली फांद्या बांधत होती, आणि आत क्रेस्टेन आणि बोडिल पडदे ओढून, आपण घरात नाही असे, टेबलापाशी समोरासमोर बसले होते. दोघंही अस्वस्थ. दोघंही एकमेकांना विचारेनात, का.

दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून राग्नाचा आवाज आला. “क्रेस्टेन, तू घरात नाहीस हे मला माहीत आहे. पण शिडी कुठाय?”

“गोठ्यामागे,” घरात नसलेला क्रेस्टेन म्हणाला.

“आणि मोठे खिळे?”

“शिडीपाशीच.”

“बरं. काही ऐकलं नाही तुम्ही.”

“छे,” बोडिल म्हणाली.

सकाळी खिडकीखाली गाणं सुरू झालं. दोघं झोपायच्या कपड्यांवर गाऊन चढवून दारात आली आणि कमान बघून जेवढं चकित व्हायचं असतं तेवढी चकित झाली. हिरव्या फांद्यांत सोनेरी फुलं, फुलांत पन्नासचा आकडा, आणि आकड्याखाली खुर्चीवर व्हिनेगरचा वास सोडणारा रेकॉर्डर. स्पीकर गल्लीकडे तोंड करून ठेवले होते.

“रीळ द्या,” प्रेबेन म्हणाला.

क्रेस्टेन त्याच्याकडे बघत राहिला. “तुझ्याकडे नाही?”

“माझ्याकडे कशाला असेल?”

“मग हरवलं,” क्रेस्टेन म्हणाला. पन्नास वर्षांत एवढ्या आनंदाने तो काही बोलला नव्हता.

“कुठेच नाही,” बोडिल म्हणाली. “मी बघितलं. सगळीकडे.”

लोक हळहळले. कडू दारूचे छोटे पेले फिरले. राग्ना पाव गरम करायला स्वयंपाकघरात गेली, ओव्हन उघडला, आणि पावांऐवजी हातात रिळाचं खोकं घेऊन परत आली.

“हे ओव्हनमध्ये काय करतंय?”

सगळ्यांनी बोडिलकडे बघितलं. “कोरडं राहावं म्हणून,” ती म्हणाली.

प्रेबेनने रीळ चढवलं, फीत नाजूक हाताने ओवली. बटण दाबलं. आधी खरखर झाली. मग गल्लीभर एका निवेदकाचा आवाज घुमला, स्वीडनच्या पिवळ्या सदऱ्यांनी पुन्हा एकदा चेंडू मिळवला होता.

“लग्नात मॅच होती?” कुणीतरी विचारलं.

क्रेस्टेन गाऊनच्या कॉलरमध्ये जेवढा मावेल तेवढा शिरला. चेंडू गोलच्या दिशेने निघाला होता, निवेदकाचा श्वास वाढला होता, आणि ऐन मोक्याला तो गप्प झाला. त्याच्या जागी एक बाई एकटीच, खालच्या पट्टीत, एकाच सुरात ‘ला ला ला’ म्हणू लागली. मग म्हणाली, “नाही, चुकलं,” आणि पुन्हा ‘ला ला ला’.

क्रेस्टेन कॉलरमधून बाहेर आला.

“ही तू आहेस,” तो म्हणाला.

“ईस्टरची तयारी होती,” बोडिल खाली बघत म्हणाली. “माझी पट्टी मला ऐकून बघायची होती. हे कुठलं रीळ आहे ते मागाहून कळलं. मला वाटलं, मी तुझ्या भाषणावर गायले.”

“तिथे आधीच स्वीडन जिंकलं होतं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

“वायर?” त्याने विचारलं.

“लोकरीच्या टोपलीत. पट्टा?”

“गळांच्या डब्यात.”

“माझ्या लोणच्याची बरणी उघडी पडलीय त्यापायी.”

“बोलायचं होतंस.”

“तू बोललास?”

गल्लीतली माणसं आपापल्या पेल्यांत बघत होती. अशा वेळी कुठे बघायचं ते त्या गावात लहानपणीच शिकवतात. तेवढ्यात प्रेबेनने हात वर केला. “अहो, थांबा. ही झाली एक बाजू. रिळाला दुसरी बाजू असते, उलटं घातलं की वाजते. तबकडीला असते तशी. हल्ली कुणाला ठाऊकच नाही.”

त्याने रिळं अदलाबदल केली. आणि खरखरीतून चमच्यांचा किणकिणाट उठला, बुटांची ठोकाठोक उठली, कुणाचं तरी फार पूर्वीचं हसू उठलं. राग्नाने छातीवर हात ठेवला. ते हसू तिचं होतं. मग अगदी जवळून, सिगारचा वास यावा इतक्या जवळून, मामा म्हणाला, “बोल पोरा, रीळ फिरतंय.”

ठोकाठोक थांबली. तेव्हाची थांबली, आताची गल्लीही थांबली. क्रेस्टेनने बोडिलचा हात धरला. आलंच आता.

“हं,” एका तरुण माणसाचा आवाज आला. “बोडिल. म्हणजे… तर…” मग लांबलचक खरखर. “कॉफी गार होतेय.”

आणि टाळ्या.

“रबर घसरलं बहुतेक,” प्रेबेन म्हणाला. त्याने फीत मागे घेऊन पुन्हा लावली. कॉफी पुन्हा गार झाली, या वेळी जरा सावकाश.

“वाईट नाही,” राग्ना म्हणाली, आणि मग मोठ्याने, “चला, कमानीच्या मागच्या बाजूची फुलं कुणी बघितलीच नाहीत.” सगळी गल्ली मागची फुलं बघायला गेली. जाताना प्रेबेनने रेकॉर्डर आत आणून टेबलावर ठेवला, वायर जोडून दिली, आणि मायक्रोफोनही.

क्रेस्टेन खुर्चीत बसला होता. पन्नास वर्षं ज्या भाषणावर त्याने दिवस काढले, ते झालंच नव्हतं.

“मी म्हटलं होतं,” तो म्हणाला. “सगळं पाठ होतं. गायींना म्हणून दाखवलं होतं.”

“गायींना?”

“आठवडाभर.”

बोडिल समोर येऊन बसली. “मला वाटत होतं, ठोकाठोकीत माझंच ऐकायचं राहिलं. म्हणून कधी फार विचारलं नाही. आणि ऐकलं कुणी? गायींनी.”

“चांगल्या गायी होत्या.”

“असतील.” तिने डोळ्याकाठचं जे पुसायचं ते एका बोटाने पुसलं, लाल बटण दाबलं आणि मायक्रोफोन त्याच्या नाकाखाली धरला. “बोल पोरा, रीळ फिरतंय.”

क्रेस्टेनने घसा खाकरला. खिडकीकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं.

“कॉफी…”

“थर्मासमध्ये आहे. गार होत नाही.”

आता पळायला वाट नव्हती. खिडकीबाहेर कुणाचा तरी बूट जमिनीवर एकदा ठोकला गेला आणि कुणीतरी त्या बुटाला गप्प केलं.

“तू घरात आलीस,” क्रेस्टेन टेबलक्लॉथला म्हणाला, “की दिवा लावायची आठवण राहत नाही मला. प्रेम आहे माझं तुझ्यावर.”

बोडिलने मायक्रोफोन आणखी जवळ धरला. “पट्टा घसरला बहुतेक,” मग ती म्हणाली. “परत सांग.”

क्रेस्टेनने रेकॉर्डरकडे बघितलं. लोणच्याच्या रबरावर दोन्ही रिळं छान, गोल गोल फिरत होती.

“प्रेम आहे माझं तुझ्यावर, बोडिल,” तो म्हणाला, या वेळी टेबलक्लॉथवरून मान वर काढून.