खराब, ठेवणे

नामदेवकाका कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढतात. चुकून नव्हे, मुद्दाम, आणि एकदोन नव्हे, चांगले तीस-चाळीस. दोन-दोन मिनिटांचा एकेक फोटो चाललेला असतो आणि हे शेजारी बाजेवर मांडी घालून डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. फोटो अर्थातच काळाकुट्ट येतो. तो बघून काका खूश होतात. "गजू, काळं बी बराबर मोजावं लागतं," असं मला सांगतात.

गजू म्हणजे मी. जुन्या जालन्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. नवरदेवाचं टक्कल भरून देणं आणि लग्नाला न आलेल्या मामांना ग्रुप फोटोत उभं करणं यात माझा हात धरणारा कुणी नाही. काकांच्या चार गमती सांगाव्यात म्हणून लिहायला बसलोय खरा, पण मान खाली घालूनच लिहितोय. मी त्यांचं जे नुकसान केलंय ते कुठलंच सॉफ्टवेअर भरून देत नाही.

काका माझ्या वडिलांबरोबर बियाण्यांच्या प्रयोगशाळेत होते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचं, असं आयुष्य काढलं. वरून कुणी म्हणालं की दोन दाणे जास्त लिहा, तर हे म्हणायचे, "दाण्याला सांगा, तो उगवला की लिहितो." रिटायर झाल्यावर धावड्याला आपल्या शेतातल्या घरी राहायला गेले, गच्चीवर दुर्बीण आणि कॅमेरा मांडला आणि दाण्यांच्या जागी तारे मोजायला लागले.

झाकणाचं शास्त्र त्यांनी मला बऱ्याचदा समजावलंय. कॅमेरा आपल्या मनानं काही खोटे ठिपके उमटवतो. झाकण लावलं की फक्त तेच उमटतात, मग ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. तसंच भिंगावरच्या धुळीचं. ती कुठं बसलीय ते कळावं म्हणून उजाडताना काका दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेलं पांढरं बनियन ताणून बांधतात आणि आभाळाकडे रोखून फोटो काढतात. एकदा दूध घालायला निघालेल्या शेजाऱ्यानं विचारलं होतं, नामदेवराव, तिला बी थंडी वाजती का? काकांनी त्याला बोलावून अर्धा तास धूळ समजावली. त्या दिवशी त्याचं दूध नासलं म्हणतात.

आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, काका, तासाभराचा फोटो द्या, बाकी माझ्यावर सोडा. त्यावर ते म्हणायचे, "भेंडी जून असली तर फोडणी देऊन कवळी होत न्हाई." एकदा मी त्यांच्या देवयानी दीर्घिकेला जरा निळा-जांभळा हात मारून दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ही वरात हाय."

पण काकांचंही एक होतं. ते नुसतेच पेरत राहिले, कापणी कधी नाहीच. सहा हिवाळे देवयानीचे फोटो जमवले आणि दर वर्षी म्हणायचे, अजून कमी हाय. यंदा मात्र एका स्टीलच्या डब्यात नॅपकिनमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन बसनं जालन्याला आले. म्हणाले, सगळे फोटो एकत्र कर, पण रंग चोपडू नको. पुण्याच्या घरात लावायचाय.

पुण्याला त्यांचा मुलगा असतो. सुमनकाकू नातू सांभाळायला तिकडे गेल्या, तीन महिन्यांसाठी म्हणून. त्याला तीन वर्षं झाली.

मी काम सुरू केलं आणि पहिल्यांदाच काकांचं म्हणणं पटलं. एवढे फोटो, एवढे नेमाने काढलेले, की एकावर एक बसवले तशी देवयानी आपोआप वर येत गेली. मला फक्त हात आवरायचा होता. तेवढं मला जमलं. नेमका तिथंच कॉम्प्युटर अडला. जोडलेला फोटो काकांच्याच डिस्कवर साठवत होतो, ती भरली, जागा नाही. बाहेर एका लग्नाचा अल्बम न्यायला माणूस येऊन बसलेला. काकांच्या डिस्कवर तारखांचे फोल्डर होते आणि एकाचं नाव होतं, ‘खराब, ठेवणे’. दोन फोटो उघडून पाहिले. ताऱ्यांवर पांढरा फराटा, बस. मला हसू आलं. हा माणूस तुटलेलं रबरसुद्धा टाकत नाही. ‘ठेवणे’ हा शब्द मी नीट वाचला होता, तरी फोल्डर उडवला. वर कॉम्प्युटरची कचराकुंडीही रिकामी केली.

फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि दुपारी धावड्याला पोचलो. काका फ्रेमसमोर बराच वेळ उकिडवे बसले. मग म्हणाले, "हिचे फोटो काढून राह्यलो होतो तेव्हा अशीच दिसत असंल, असं वाटायचं." एवढी शाबासकी मला बापानंही दिली नव्हती. मग त्यांनी डिस्क लावली आणि काहीतरी शोधायला लागले. मला सांगावंच लागलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बराबर हाय. खराबच होते," म्हणाले. आणि डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळत, माझ्याकडे न बघता, "जेवायला चला म्हणून ती बॅटरी घेऊन वर यायची. आली की एक फोटो गेला. मी वस्सकन अंगावर जायचो. एकात तिच्या बांगड्या बी चमकल्या होत्या."

डिस्क मागून घेऊन स्टुडिओत परतलो आणि चार दिवस ते फोटो परत मिळवायला धडपडलो. त्यांच्या जागेवर देवयानी येऊन बसली होती. एकही निघाला नाही.

पण त्या दुपारचं राहिलंच. पाच वाजता नेहमीसारखा काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फ्रेम दाखवली, वर मला ओढून फोनपुढे उभं केलं आणि सांगितलं, हे सगळं गजूनं केलं. डिस्कचं अवाक्षर काढलं नाही. काकू म्हणाल्या, गजू, बाळा, त्यांच्यावर लक्ष राहू दे. मी मान हलवली.

मग त्या हसून काकांना म्हणाल्या, "आता मधी बॅटरी घेऊन कोणी येत न्हाई. मंग चांगलेच येणार की फोटो."

"हो ना," काका म्हणाले. "तीन वर्षं झाली, एक बी खराब झाला न्हाई."