मास्तरांचे चोरखिसे

टेलर मास्तरांची फुशारकी अख्ख्या गल्लीला पाठ होती. "माणूस पडेल, पण माझ्या हातची पँट पडणार नाही!"

आणि नेमका त्यांनाच टीबी झाला! गाल आत गेले, स्वतःचीच पँट कमरेला ढगळ झाली, मशीनचं पायडल मारताना धाप लागायला लागली. दवाखान्यातल्या सिस्टरनी गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "दर महिन्याला सरकारकडून खात्यात पैसे येतील. ते अंडी, दूध, डाळीसाठी हं! अंगात ताकद नसेल तर नुसत्या गोळ्या काय करणार?"

"खाणार म्हणजे काय, खाऊन दाखवतो!" मास्तर म्हणाले.

पैसे आले, आणि मास्तरांनी मशीनला मोटर बसवली! आता तुम्हीच सांगा, पाय चालेनात, काम थांबलं तर घर कसं चालायचं? बायकोला सांगितलं, मोटर मित्राने दिली, दवाखान्याचे पैसे अजून यायचेत. तर अशी मास्तरांची अंडी मोटरने खाल्ली, आणि मास्तर चहावर भागवत राहिले.

पण वजनकाट्याला कोण फसवणार? पहिल्या खेपेला काटा हलेना, तशा सिस्टरनी भुवया चढवल्या. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी डोकं लढवलं. पँटला आतून चोरखिसे शिवले आणि कापड दाबून ठेवायची लोखंडी वजनं त्यात कोंबली. दोन्ही हातांनी कंबर घट्ट धरून स्वारी काट्यावर चढली.

काटा सर्रकन पुढे!

"अगंबाई, मास्तर! कमाल केलीत!" सिस्टर हरखल्या. "आता गोळीही एक वाढवायला हवी."

"ती कशाला?" मास्तरांना घाम फुटला.

"वजनावरच ठरतात गोळ्या! आणि चला बाहेर, बाकावरचे लोक विचारताहेत, या पैशांनी खरंच फरक पडतो का? सांगा दोन शब्द!"

बाहेर बाकावर एक खोकणारे आजोबा होते, आणखी चारपाच पेशंट होते, आणि मास्तरांची बायकोही होती!

"काय काय खाल्लंत, सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"रोज... दोन अंडी."

"कुणाकडे?" बायकोने विचारलं.

"पेलाभर दूध..."

"अहो, कुठलं दूध? पैसे आलेच नाहीत म्हणालात की!"

"अगं, हळू!" म्हणत मास्तरांनी तिला गप्प करायला दोन्ही हात वर केले.

दोन्ही!

पँट घसरली आणि लोखंडी वजनं फरशीवर ठणाठणा आपटली. मग आजोबांनी काळजीने विचारलं, "मास्तर, पँट कुणाकडे शिवलीत?"

"म्हणजे मशीनची मोटर मित्राने नाही, या पैशांनी आली!" बायको ओरडली.

सिस्टरही हसल्या नाहीत. "पैसे तुम्हाला खायला दिले होते, की मशीनला? जास्तीची गोळी दिली असती मी, आणि अंगावर आली असती म्हणजे?"

"पायडल मारवत नाही हो, सिस्टर," पँट सावरत मास्तर पुटपुटले. "मशीन थांबलं की चूलही थांबते."

बायकोचे डोळे भरून आले. "मला सांगायचं होतंत! तुम्हीच राहिला नाहीत तर ती मोटर घेऊन मी काय करू?"

मास्तरांनी एका हाताने पँट धरली आणि दुसऱ्याने वजनं गोळा केली.

पुढच्या महिन्यापासून पैसे आले की बायको सोबत दुकानात जायची. मास्तर अंडं गिळेपर्यंत समोरून हलायची नाही, वर "आ करा" म्हणून तपासायची! हळूहळू धाप गेली, गाल भरले, आणि शेवटी एकदाचा तपासणीत टीबी गेल्याचा निर्वाळा मिळाला.

"आता खिसे रिकामे करून चढा," सिस्टर म्हणाल्या. काटा पुढे सरकला, या वेळी अगदी खरा! मास्तरांनी अभिमानाने छाती भरून श्वास घेतला, एकदाही न खोकता.

टच्चकन कमरेचं बटण उडालं आणि औषध न्यायला आलेल्या त्याच आजोबांच्या मांडीवर पडलं! मास्तरांनी सवयीने दोन्ही हातांनी पँट धरली.

"द्या इकडे ते बटण," बायको डोळे पुसत म्हणाली. "घरी गेल्यावर मीच लावते. तुमच्या हातचं काही टिकत नाही!"