काडेपेटीएवढी रेणुका

माझ्या मेडिकलवर लोक गोळ्या घ्यायला येतात. इंगळे सर गोळ्या संपलेली पाकिटं मागायला येतात. बरं, कोणतीही चालतील म्हणाल, तर तेही नाही! त्यांच्यासाठी जपून ठेवलेलं खोकं उपसतात, एकेक पाकीट चष्म्यापाशी नेतात आणि भर गिऱ्हाइकांत माझी उलटतपासणी घेतात.

"सुनील, हे कायचं होय?"

"ॲसिडिटीचं, सर."

"अन् हे?"

"जुलाबाचं."

"अबे, जुलाबाची चांदी देवीच्या मुकुटाले लावू? काही होईन त नाही ना?"

हे शेवटचं वाक्य सर येता-जाता म्हणतात. चिखलीच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे, तेव्हा पोट्ट्यांनी दप्तरातून नुसतं कर्कटक काढलं तरी म्हणायचे. रिटायर झाल्यावर गेल्या वर्षापासून ते रेणुकामायचे मुखवटे करतात, तेही काडेपेटीएवढे. जाड पुठ्ठा, वर शेंदरी रंग, लग्नपत्रिकांतून कापलेली वेलबुट्टी, फुटक्या बांगड्यांच्या काचा आणि माझ्या गोळ्यांची चांदी. नथीतला मोती साबुदाण्याचा. "उपासाले चालते, म्हंजे देवीले चालते," हा त्यांचा हिशोब. झोपेच्या गोळीची चांदी मात्र डोळ्यांच्या आसपाससुद्धा नाही, देवी पेंगायला लागली तर? काचांच्या कडा तर दगडावर अशा घासतात की तासन् तास तेच. भिंतीवर टांगायच्या वस्तूला एवढं कशाला, असं मी विचारलं, तर नुसते खाकरले.

नागपूरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्या देव्यांचे फोटो तिथल्या प्रदर्शनवाल्यांना दाखवले आणि त्यांनी चक्क बारा निवडल्या. सोमवारी सकाळच्या एसटीनं पार्सल जायचं होतं, सोबत भरलेला फॉर्म. झालं! सरांच्या दुकानातल्या चकरा दिवसाला चारवर गेल्या.

"सुनील, नापास करतीन त?"

"अहो सर, पास केलं त्यांनी!"

"फोटो पाहून केलं. माल कुठी पाह्यला?"

शनिवारी तर हद्द झाली. म्हणाले, "नाही पाठवत मी. सांगून दे त्याहीले, मास्तर आजारी हाय." मी वैतागलो. दुपारी शटर खाली ओढलं, भरायला माझ्याकडे दिलेला फॉर्म घेतला आणि सरांच्या घरी जाऊन धडकलो.

टेबलावर बारा रेणुका ओळीनं मांडलेल्या होत्या. पाहतो तर काय, एकीचं नाक गेलेलं, दुसरीचा डोळा पुसट, तिसरीच्या नथीतला साबुदाणा गायब, शेंदरी रंग सगळ्यांचाच विटलेला.

"सर, हे काय? उंदरांनी कुरतडल्या की काय?"

सर खाटेकडे पाहत हळूच बोलले. खाटेवर सरांच्या पत्नी, मंदाकाकू होत्या. वर्षापूर्वी त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात.

"डॉक्टरनं सांगतलं, उजव्या हातात चेंडू द्या, दाबू द्या. मंदा दाबेच ना! सोडून दे, चेंडू खाटीखाली, अन् त्याच्यामागं मी. मंग म्हटलं, चेंडू सोडते, पण रेणुकामाय कशी सोडीन?"

काकूंच्या उजव्या मुठीतून चांदीचा मुकुट डोकावत होता, नवी तेरावी देवी. अंगठा तिच्या तोंडावरून जरासा सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा.

"पह्यले अंगठा हालेच ना. हे पाह्य, हिचं नाक गेलं ना, तवा समजलं मले, अंगठा हालून राह्यला." सरांनी बिननाकाची देवी माझ्या हातात दिली. बाराच्या बारा त्या मुठीतून गेल्या होत्या. "सकाळी नवा रंग द्याले बसलो. ब्रश उचलला, पण जीव होईना. तिची सारी मेहनत पुसल्या जाईन ना रे! अन् अशाच पाठवल्या त वापस येतीन, फोटो त नव्या असतानीचे होते. म्हणतीन, मास्तरनं फसवलं."

मी बिननाकाची देवी पुन्हा ओळीत ठेवली आणि म्हणालो, "जशा आहेत तशाच जाऊ द्या, सर. लोकांना पाहू द्या."

सरांनी टेबलावरचा ब्रश उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काढ फॉर्म."

पहिलाच रकाना कलाकाराच्या नावाचा. मी सरांचं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"मंदाचं लिव्ह. रंग म्या लावला. काम तिचं होय."

आजारपणापासून काकूंना शब्द जुळवायला वेळ लागतो. त्यांचे ओठ हलायला लागले, तसं मी पेन वर उचललं.

"यायचं..." काकू सरांकडे पाहत म्हणाल्या, "यायचं नाव बी लिव्ह."

सर भिंतीकडे तोंड करून दोरीवरचा टॉवेल नीट करत बसले. माझेही डोळे भरून आले होते, अक्षरं दिसेनात. तरी दोन्ही नावं लिहिली, आधी काकूंचं, मग सरांचं.