शिरपतरावची टू-शीटर

आमच्या शेजारचा शिरपतराव रोज संध्याकाळी धार काढून झाली की हात धुवायचा, गोठ्यातच ठेवलेल्या चाकं नसलेल्या मोटारीत जाऊन बसायचा, स्टेअरिंग धरायचा आणि मागं मान वळवून म्हशीला हाक मारायचा, "चल गं बाये! चल, चल, चल!" मोटार दगडांवर, म्हैस दाव्याला. दोघीही जागच्या हलायच्या नाहीत. बराच वेळ हा कार्यक्रम चालायचा. मग तो उतरायचा, मोटारीचं दार नीट लावायचा (वर छप्पर नव्हतं, समोर काच नव्हती, पण दार लावायचा) आणि घरात जाऊन एकट्यापुरत्या भाकरी थापायचा.

गल्लीतले लोक त्याला खुळा म्हणायचे. मीही म्हणायचो, सगळ्यांत मोठ्यानं. पण खरं सांगू का? त्या भंगारावर मी नुसता जळायचो.

का, ते कळायला आमच्या कोल्हापूरचा पाडवा माहीत पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा सगर असतो, म्हणजे म्हशींची मिरवणूकच. म्हशी भादरायच्या, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपिसं. मग मालकानं फटफटीच्या सायलेन्सरची पुंगळी काढून टाकायची, कान फुटतील असा आवाज करत पुढं निघायचं आणि म्हशीनं त्या आवाजामागं धावत सुटायचं. दावं नाही, काठी नाही. ज्याची म्हैस मालकाला सोडत नाही आणि सगळ्यांच्या पुढं राहते, त्याला फेटा. माझं सायकलीचं दुकान होतं, एक फटफटी होती आणि हरणी नावाची म्हैस होती. माझा जीव त्या फेट्यात अडकलेला.

आणि शिरपतरावची म्हैस सुंद्री मैदानात उतरत होती तोवर तो फेटा मला कधीच मिळाला नाही. बायको गेल्यापासून त्याच्या घरात माणूस असं ते नव्हतंच, होती ती ही म्हैस. ती त्याच्या फटफटीमागं अशी पळायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. मी आपला दरवर्षी मागनं धूळ खात.

मग एक दिवस शिरपतरावची फटफटी घाटाजवळ घसरली. उजवा गुडघा मोडला आणि जुळला तो सरळच. पाय वाकेना. किक मारता येईना. पाडवा आला तेव्हा मी मोठ्या मनानं म्हटलं, "शिरपतराव, तुमची फटफटी मी मारतो की, सुंद्री येईल मागनं." मारली. सुंद्री दारापर्यंत आली, गाडीवर कोण बसलंय ते बघितलं आणि भर रस्त्यात बसली. बसली ती बसलीच. लोक मला इतके हसले की मी गाडी तिथंच टाकून घरी आलो. पण त्याच दुपारी हरणीला घेऊन गेलो आणि फेटा माझा. पुढच्या वर्षीही माझाच. त्याच्या गोठ्यापुढनं जाताना मी मुद्दाम दोनदा जास्त हॉर्न वाजवला.

 शिरपतराव मला जन्मापासून ओळखत होता, तरी 'पावणं' म्हणायचा. सगळ्यांनाच म्हणायचा, पोस्टमनला, डॉक्टरला, स्वतःच्या सासऱ्यालाही म्हणायचा म्हणे. फेटा बघून एवढंच म्हणाला, "पावणं, पाय वाकत न्हाय म्हंजे पाय लांब करून बसायचं वाहन पायजे. हेच्यात गणित हाय."

त्याच्या प्रत्येक गोष्टीत गणित असायचं. आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्यात गणित होतं.

हे गणित त्यानं आजऱ्याच्या बाजूला सोडवलं. तिथल्या एका इनामदारानं तरुणपणी शर्यतीत पळवलेली विलायती टू-शीटर मोटार तबेल्यात पडून होती. बुटकी, लांब नाकाची, बसलं की पाय सरळ पुढं. शिरपतरावनं आपली फटफटी इनामदाराच्या नातवाला दिली आणि ही बया काजूच्या पोत्यांवर बांधून ट्रकातनं आणली. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती पण आली. ट्रकवाल्यानं विचारलं, "कोंबडी परत न्यायची का?" हा म्हणाला, "अंडी फुटूस्तवर ऱ्हाऊ दे. बसल्याली बाई उठवायची नसती."

त्यानंतर आमच्या शेजारी जे सुरू झालं, त्याला काय म्हणावं? इंजिन उतरवून सुटं केलं ते दुधाच्या कॅनमध्ये घालून ठेवलं. गिऱ्हाइकं दुधाला रॉकेलचा वास येतो म्हणून भांडायला आली. उद्यमनगरातला मैनुद्दीन मिस्त्री दर शुक्रवारी नमाज झाला की यायचा, दोघं गोठ्यात शेणाच्या पाटीशेजारी बसून पिस्टन घासायचे आणि मैनुद्दीन म्हणायचा, "शिरपतराव, हे जनावर शर्यतीचं हाय. पेटलं की थांबायचं न्हाय." डबल कारब्युरेटर बसवला. बॉडी ठोकून रंगवली, लालभडक. शिटाच्या गादीत काथ्या भरला तो सुंद्रीनं एका दुपारी खाल्ला. मग शिरपतरावनं कडबा भरला. तोही खाल्ला. शेवटी त्यानं जुन्या गोधड्या घातल्या आणि सुंद्रीची समजूत काढत बसला. आणि हुपरीला त्याचा मेव्हणा पैंजणं घडवायचा, त्याच्याकडनं हेडलाइटच्या कड्यांना चांदीचा मुलामा देऊन आणला.

हे कळल्यावर माझी बायको सुमन म्हणाली, "बघा, मोटारीच्या डोळ्याला चांदी हाय. माझ्या पायात काय हाय?"

"तुझ्या पायात भोवरा हाय," मी म्हटलं. दोन दिवस जेवण आळणी मिळालं.

मी रोज काहीतरी निमित्त काढून तिकडं जायचो. कधी पाना मागायला, कधी दिलेला पाना परत मागायला. बॉनेटवरनं हात फिरवायचो आणि म्हणायचो, "रंग जरा फुगलाय हितं." फुगलेला नसायचा. तो नुसता मान हलवायचा आणि म्हणायचा, "यंदा पाडव्याला सुंद्री हिच्यामागनं पळणार, पावणं. तुमी कडंनं चला." कडंनं! मी, दोन वर्षं सगळ्यांच्या पुढं असलेला माणूस, कडंनं!

नवरात्रात चाकं बसली आणि गाडी सुरू झाली. अख्खी गल्ली जमली होती. मैनुद्दीननं हँडल मारलं आणि आवाज आला. काय आवाज हो! खरखर नाही, धडधड नाही. एकसलग, भरदार, गोड. म्हातारी माणसं टाळ्या वाजवायला लागली. मला टाळी वाजवावी लागली, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

वर कहर काय, शिरपतराव म्हणाला, "सुमनआक्का, बसा. दर भाऊबीजेला ओवाळतासा, एक चक्कर तरी मारून आणतो." आणि माझी बायको डोक्यावरचा पदर घट्ट बांधून टुणकन बसली की! रंकाळ्यापर्यंत जाऊन आली. येताना हसत होती, केस सुटले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं वाऱ्यानं. लग्न झाल्यापासून ती माझ्या फटफटीवर बसते ती दातांच्या डॉक्टरकडं निघाल्यासारखी. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "तुमास्नी न्हाय कळायचं." च्यायला! त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

पण त्या सगळ्या गर्दीत एक गोष्ट झाली, ती माझ्याशिवाय कुणी बघितली नाही. चक्कर मारून आल्यावर शिरपतरावनं गाडी चालूच ठेवली, मागं वळला आणि सुंद्रीला हाक मारली. सुंद्रीनं कान एकदा हलवला. मग पाठ फिरवली आणि गव्हाणीत तोंड घातलं. त्यानं परत हाक मारली. तिनं बघितलंसुद्धा नाही. शिरपतरावनं गाडी बंद केली, उतरला आणि दार नीट लावलं. मला बरं वाटलं. लपवत नाही, लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून माणसाचं डोकं फिरलं. चार प्लगांपैकी दोन प्लगांच्या वायरी त्यानं काढून टाकल्या. फटफटी देताना तिची सायलेन्सरची नळी ठेवून घेतली होती, ती तारेनं गाडीच्या बुडाला बांधली. डबल कारब्युरेटर काढून सिंगल लावला. गाडी चालू केली तर डुग, डुग, डुग, फट्ट! डुग, डुग. सगळं अंग थरथरत होतं तिचं. मैनुद्दीन मिस्त्री आला, त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, वाघिणीला शेळी केलासा! काय जादू झाली काय तुमच्यावर?"

"अजून जरा जाड पायजे आवाज," शिरपतराव म्हणाला. "तिसऱ्या डुगला जरा अडकायची, तसं अडकलं पायजे."

"कोण अडकायची?"

शिरपतरावनं बुडाला बांधलेल्या नळीवर बोटानं टकटक केलं. मैनुद्दीन पाना ठेवून निघून गेला. दोन शुक्रवार आला नाही. मी मात्र गंगावेशीपर्यंत जाऊन भेटेल त्याला सांगितलं, "शिरपतरावनं गाडीचं वाटोळं केलं. खुळाच हाय तो. सांगत नव्हतो?" फेटा माझ्या डोक्यावर बसल्यातच जमा होता.

पाडवा आला. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. फटफट्यांच्या धुरानं डोळे चुरचुरतायत, हलग्या वाजतायत, म्हशी फुरफुरतायत. मी हरणीला पाठीवर मोर काढून आणलं होतं. एवढ्यात मागनं डुग, डुग करत लाल गाडी आली. सुंद्रीला मैनुद्दीननं दाव्यानं धरून आणलं होतं. आला होता शेवटी. लोक पोट धरून हसले. कोण म्हणतंय, "शिरपतराव, गाडीला खोकला झालाय, काढा पाजा!" त्यानं कुणाकडं बघितलं नाही. मैनुद्दीनला म्हणाला, "सोड."

दावं सुटलं. सुंद्री उभी राहिली. गाडी डुग, डुग, डुग करत पुढं सरकली आणि तिसऱ्याला जरा अडकली. सुंद्रीचे कान उभे राहिले. शिरपतराव मागं वळून ओरडला, "चल गं बाये!"

आणि ती पळाली हो! म्हातारी झाली होती, गुडघे सुजले होते, पण शेपटी वर करून पळाली. मला घाम फुटला. मी गाडी अशी पिळली की हरणी पण उधळली आणि आम्ही सगळ्यांच्या पुढं निघालो. शेवटच्या खुणेला पहिला मी, मागोमाग हरणी! गाडी थांबवली, हात वर केले. फेटा बांधला गेला. आणि मागं वळून बघतो तर हरणी नाही. फेटा बांधून होईस्तोवर बाजूनं एकाची फटफटी जास्त मोठ्यानं वाजत गेली, तिच्यामागं ती निघून गेली होती.

ती सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. सुमननं पाठवलेल्या भाच्याच्या हातात तिला देऊन मी फटफटी आणायला मैदानात परत आलो. सगळे पांगले होते. मैनुद्दीनही नमाजाला गेला होता. मैदानाच्या मधोमध लाल गाडी बंद पडून उभी होती. सुंद्री अर्ध्यावरच दमली होती, आणि ती दमली म्हणून त्यानं गाडी हळू केली, तर दोन प्लगांवरचं ते इंजिन बंदच पडलं. फेट्याचा तर त्याला पत्ताच नव्हता. सुंद्रीनं मागनं येऊन त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. तोंडाचा सगळा फेस त्याच्या सदऱ्यावर वाळला होता. आणि तो तिच्या कपाळावरनं हात फिरवत हळू बोलत होता, "आलीस? मला वाटलं इसरलीस. म्या म्हटलं, आता हाक मारायला पन कोन न्हाय ऱ्हायलं."

मी जवळ गेलो. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"पावणं, जरा धक्का द्या की," तो म्हणाला. "पर हळू. ती दमलीया."

मी फेटा काढून काखेत धरला आणि ढकलायला लागलो. ज्या गाडीवर वर्षभर जळलो, तिचा मागचा भाग दोन्ही हातांनी ढकलत, सुंद्रीच्या चालीनं. सुंद्री शेजारनं चालत होती. तो स्टेअरिंग धरून तिच्याशी बोलत होता. आज कसं ऊन होतं, कोण कोण आलं होतं, घरी गेल्यावर पेंड भिजवतो, शिटातली गोधडी खाऊ नको. सगळं तिलाच सांगत होता. ती कान हलवत होती.

माझ्या घरात माणसं भरलेली, बायको, पोरं, भाचा. तरी पहिला नंबर काखेत धरून गाडी ढकलताना मला त्या म्हशीचा हेवा वाटत होता.