नव्वद दिवसांचे व्याही

सगळ्या प्रकाराला कारण झालं ते एकच वाक्य, आणि तेही शिरीषने अगदी संस्कारी माणसासारखं उच्चारलेलं. व्याही शिरीषच्या सिडनीतल्या घरी दहा दिवस राहून निघाले होते. बॅग दारात होती, टॅक्सी बोलावून झाली होती, आणि अशा वेळी यजमानाने जे म्हणायचं असतं तेच शिरीष म्हणाला, "एवढी काय घाई आहे? राहा की अजून काही दिवस."

(हे अर्थात इंग्रजीत. पण आग्रह इंग्रजीत केला म्हणून तो इंग्रजी होत नाही.)

पुण्यातला व्याही असता तर "छे छे, पुन्हा येऊ की" म्हणाला असता, दोघांनी दारातच आणखी थोड्या गप्पा मारल्या असत्या आणि सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण शिरीषच्या मुलीचे, तनयाचे, सासरे कीथराव पडले इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीचे. त्यांनी शिरीषकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी "आर यू शुअर, मेट?" असं विचारलं. या प्रश्नाला नाही म्हणायचं शिक्षण शिरीषला कोणी दिलेलं नव्हतं. कीथरावांनी बॅग उचलली आणि पुन्हा खोलीत नेऊन ठेवली. टॅक्सी परत गेली.

ती बॅग बाहेर आली ती व्हिसाचे तीन महिने संपत आल्यावर.

"कीथराव" हे नाव शिरीषचंच. मुलीच्या सासऱ्याला नुसतं कीथ म्हणायला त्याची जीभ रेटेना. राव म्हणजे काहीतरी मानाचं आहे एवढं कळल्यावर कीथरावही खूश होते. तशी त्यांच्याकडे मानाची म्हणावी अशी फारशी गोष्ट उरली नव्हती.

रिटायर झाल्यावर ते आणि त्यांची बायको मॉरीन स्पेनमध्ये समुद्राजवळच्या एका गावात जाऊन राहिले होते. ब्रेक्झिटचं मतदान आलं तेव्हा दोघांनी पोस्टाने मत दिलं. मॉरीनने युरोपात राहायच्या बाजूने, कीथरावांनी बाहेर पडायच्या. का, असं शिरीषने एकदा विचारलं, तर म्हणाले, तेव्हा कारण फार पक्कं होतं, आता आठवत नाही. पुढे रहिवासी म्हणून नाव नोंदवायची वेळ आली. मॉरीन रांगेत उभी राहिली आणि कार्ड घेऊन आली. कीथरावांनी टॅक्सवाल्यांच्या भीतीने टाळाटाळ केली. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय, असं त्यांचं म्हणणं. मग मॉरीन गेली. तिला तिथल्याच टेकडीवरच्या स्मशानात पुरलं, आणि त्यानंतर सगळे विचारायला लागले. स्वतःच्या घरात कीथराव टूरिस्ट झाले. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहायचं, मग चालतं व्हायचं.

चालतं होऊन येणार कुठे, तर सिडनीला मुलाकडे. ॲडम आणि तनयाचं पॅरामॅटामध्ये एका बेडरूमचं युनिट, म्हणजे फ्लॅट, त्यात तान्हं बाळ. जवळच पेंडल हिलला शिरीष आणि त्याची बायको मेधा यांच्या घरात मात्र तनयाची खोली रिकामी होती.

"तुला कोणी सांगितलं होतं राहा म्हणायला?" मेधाने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं," शिरीष म्हणाला.

मेधा सकाळी डेंटल क्लिनिकला निघून जायची. शिरीष नुकताच रिटायर झालेला. म्हणजे दिवसभर व्याह्यांची सरबराई त्याच्याच गळ्यात. कीथराव पोळी पुरे म्हणाले की शिरीष आणखी एक वाढायचा, आणि वाढलेलं टाकू नये हे कीथरावांनाही त्यांच्या आईने शिकवलेलं. परिणामी एक जण वैतागून वाढत होता आणि दुसरा घाम पुसत खात होता. कीथरावांनी न विचारता सगळ्या दारांना तेल घातलं. आता दारं वाजेनात. त्यामुळे ते कधी मागे येऊन उभे राहतात हे शिरीषला कळेना. कढीपत्त्याचं रोप त्यांनी गुलाबासारखं छाटलं. त्या दिवशी शिरीष न्हाणीघरात जाऊन शॉवर चालू करून मराठीत मनसोक्त बोलला.

तीन महिन्यांनी त्यांना विमानात बसवून आल्यावर शिरीषने घरभर हात पसरून फेरी मारली. त्या मुक्त आत्म्याला कोण सांगणार, की स्पेनचे नव्वद दिवससुद्धा संपतात.

कीथराव परत आले. पुन्हा गेले आणि पुन्हा आले. आणि या येण्याजाण्यात कधीतरी, नेमकं कधी ते शिरीषलाही सांगता येणार नाही, त्याची फेरी मारायची हौस संपली. कीथराव नसले की घरात दुपार फार लांबायची. ते आले की दोघं सकाळी स्टेशनजवळच्या दुकानांपर्यंत चालत जायचे, कोथिंबीर घ्यायचे, बाकावर बसून चहा प्यायचे आणि आपापल्या देशांच्या क्रिकेट टीमना नावं ठेवायचे. शिरीषला इतक्या वर्षांत या देशात ओळखीचे लोक खूप मिळाले होते. दोस्त मात्र हा एकच, आणि तो व्याह्याच्या रूपात मिळाला याचं त्याला जरा हसू यायचं.

अशाच एका सकाळी चहा पिताना कीथराव म्हणाले, "मॉरीनचं बरं आहे. ती तिथली परमनंट रेसिडेंट. मीच व्हिजिटर."

शिरीष उठला आणि जिलबी घेऊन आला. दोघांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

यंदा कीथराव आले ते जरा खचूनच. पौंड घसरला, तिकिटं महागली, पेन्शन आहे तिथेच. शिरीषने मनाशी ठरवून टाकलं, की या खेपेला ॲडमशी बोलायचं, वकील गाठायचा, आणि यांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं. तनयाची खोली नव्याने रंगवायची असंही त्याने ठरवलं. फक्त हे कोणाला सांगायचं तेवढं राहिलं.

आणि मेधाने घोटाळा केला. तिचा बिचारीचा हेतू चांगला होता. रविवारी जेवताना कीथरावांनी विचारलं, मी पुरे म्हटलं तरी शिरीष का वाढतो? मेधाने मराठी आग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती रंगात आली, आणि त्या रंगात पहिल्या वेळची गोष्ट सांगून मोकळी झाली. "तो नुसतं म्हणायचं म्हणून राहा म्हणाला, आणि तुम्ही बॅग आत नेलीत."

कीथराव सगळ्यात जास्त हसले. शिरीषही हसला. हसता हसताच त्याने कीथरावांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दोन दिवसांनी कीथरावांनी तिकीट काढलं. स्पेनचं घर विकायला काढणार होते. ग्रिम्सबीला बहीण एकटीच असते, तिच्याकडे राहणार. मॉरीनला अधूनमधून भेटून येता येईल, ते म्हणाले, तेवढं टूरिस्टलाही चालतं.

"जाऊ नका," शिरीष म्हणाला. "इथेच राहा. मी खरंच सांगतोय."

कीथरावांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू फार सभ्य माणूस आहेस, शिरीष."

शिरीषने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. शप्पथ घातली. वकिलाचा नंबर आणला, रंगाच्या दुकानातून नमुने आणले. तो जितकं जास्त म्हणे तितके कीथराव जास्त कौतुकाने हसत. आग्रहाची रीत त्यांना आता पुरती समजली होती. ते नको म्हणत, शिरीष पुन्हा म्हणे, ते पुन्हा नको म्हणत. अस्सल पुणेरी व्याह्याने हेवा करावा इतकं ते चोख करत होते. शिरीषला रडावंसं वाटत होतं. शेवटी त्याने मेधाला सांगून पाहिलं, की तू तरी समजाव. मेधाने समजावलं. कीथरावांनी तिचेही आभार मानले.

एअरपोर्टवर सिक्युरिटीपाशी कीथरावांनी त्याला घट्ट मिठी मारली. म्हणाले, "तू आणि मेधा ग्रिम्सबीला या. चांगले महिनाभर राहा. अजिबात घाई करायची नाही." मग ते आत गेले, आणि त्यांची टोपी गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत शिरीष हात हलवत राहिला.

परतताना गाडीत तो शेजारी बसलेल्या मेधाला म्हणाला, "महिनाभर बोलावलंय आपल्याला. मनापासून म्हणाले गं. बहीणही एकटी असते ना, मोठं घर असेल."

मेधाने विचारलं,

"पत्ता दिला?"

शिरीषने नीट आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला, आणि बोलण्याच्या नादात पेंडल हिलचं वळण मागे टाकून तसाच पुढे गाडी चालवत राहिला.