साहेबांची नरगिस

"अव्वा, कुंडीतलं फूल कुठं गेलं?"

पंचाक्षरीनं अंगणातूनच आईला हाक दिली. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर जाताना नरगिसच्या फुलझाडाचा कांदा लावलेली कुंडी या हंगामी कारकुनाच्या हवाली करून गेले होते. "फूल आलं, की निजाम सरकारात तुमची नोकरी कायम," असं चार माणसांत बोललेही होते. बिचाऱ्यानं थंडीभर ती कुंडी पोटच्या लेकरासारखी जपली. काल एकुलती एक कळी उमलली, आज साहेब बघायला येणार, आणि आता नुसता देठ उभा!

"लिंगपूजेला वाहिलं की," नागम्मा शांतपणे म्हणाली. "दारात फूल उमललं असताना देवाला मोकळाच ठिवू व्हय? मग परसाद म्हणून दिलं शेजारच्या प्रेमाबाईला, पाण्याला चालली हुती तवा."

पंचाक्षरीनं आडाकडं धूम ठोकली. तिथं बाया पाणी शेंदत होत्या आणि प्रेमाबाईच्या तेल चोपडलेल्या अंबाड्यात फूल दिमाखात बसलं होतं.

"वैनी, तेवढं डोक्यातलं फूल द्या. माझ्या जिवाचा प्रश्न हाय!"

झालं! बाया तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. प्रेमाबाईनं लाजत फूल काढून दिलं खरं, पण ही खबर तिच्या नवऱ्याला, बंडप्पाला, लागायला कितीसा वेळ? पंचाक्षरीनं घरी येऊन हिरव्या दोऱ्यानं फूल देठाला बांधलं, तोवर बंडप्पा काठी घेऊन दारात हजर.

"कुठं हाय त्यो, लोकांच्या अंबाड्यावर नजर ठिवणारा?"

तेवढ्यात त्याच्या मागून साहेबच आत शिरले. काठी गुपचूप पाठीमागं गेली. साहेब कुंडीपुढं वाकले आणि डोळे मिटून त्यांनी फूल हुंगलं. फुलावर देवाचं भस्म आणि प्रेमाबाईचं खोबरेल! पंचाक्षरीनं मनातल्या मनात नोकरीला रामराम ठोकला.

"वल्लाह! अस्सल नरगिस! आमच्या हैदराबादच्या बागेत हुबेहूब हीच खुशबू यायची."

तो वास बंडप्पाच्या रोजच्या ओळखीचा होता. त्यानं तोंड उघडलं, साहेबांकडं बघितलं आणि परत मिटलं.

"पंचाक्षरी, नोकरी कायम! पुढच्या थंडीला टोपलीभर कांदे पाठवतो. सगळे इथंच, तुमच्या अंगणात लावा."

साहेब गेले आणि पंचाक्षरीनं उरलेला हिरवा दोरा जपून गुंडाळून ठेवला. नागम्मा मात्र त्यांच्या पाठीला हात जोडून उभी होती.

"लई देवमाणूस रं! माझ्या पूजेची केवढी काळजी त्याला!"