आण्णांची उचकी

फोनवर कुणाचा चेहरा दिसला की आमच्या गल्लीतले दत्ताआण्णा पायात चप्पल सरकवतात आणि थेट त्या माणसाच्या घरी जातात. चेष्टा नव्हे, खरंच जातात!

लेकीनं त्यांना नवा फोन दिला आणि त्यात मित्र जोडायचं ते ॲप घालून दिलं. ते सारखं विचारतं, ‘हे तुमच्या ओळखीचे आहेत का?’ आणि कुणाचं तरी तोंड दाखवतं. आण्णांनी त्याचा अर्थ लावला तो असा : “आधी कुणी आठवण काढली की उचकी लागायची. पर कोण काढतंय ते कळायचं न्हाय. ह्यात तोंडच दिसतंय की! मग त्यानं आठवण काढल्यावर आपण जायला नगो व्हय?”

गडमुडशिंगीचा एक वायरमन दिसला, तर आण्णा बस पकडून त्याच्या दारात. तो बिचारा जेवत होता.

“पंखा बंद पडला काय आण्णा?”

“पंखा झकास हाय. तुम्ही आठवण काढलासा, म्हणून आलोय.”

वायरमन खरकट्या हातानं बघतच राहिला. आण्णा चहा पिऊन परत आले.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण कॉलेजात संगणक आहेत, म्हणून गल्लीच्या मते मला त्यातलं सगळं कळतं. मी आण्णांना समजावलं, “अहो, ते फोनमधले नंबर बघतं. दोघांच्या ओळखीचं कोण आहे, ते बघतं.”

“मग कागलचा दातांचा डॉक्टर मला का दाखवला? माझी कवळी इथलीच हाय!”

आता काय सांगू, कपाळ? मला स्वतःला रोज माझा साडू दिसतो. त्यानं माझी आठवण काढलीच, तर शिव्या घालायलाच काढली असणार. आण्णांचं म्हणणं खरं की काय, असं मलाही वाटायला लागलं.

पण आण्णा वाट बघत होते ते एकाच माणसाची. इचलकरंजीचा म्हादू, यंत्रमागावर काम करणारा, त्यांचा लहानपणापासूनचा जिवलग. आण्णांच्या नातवाच्या जावळाला मटणाचं जेवण होतं. भर पंगतीत म्हादू ओरडला, “दत्त्या, पांढरा रस्सा खारट झालाय की रं!” रस्सा आण्णांनी स्वतः केलेला. झालं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आधी जाऊन बोलायचं कुणी, यावर सगळं अडलेलं. म्हणून रोज संध्याकाळी आण्णा माझ्या दारात यायचे. “मास्तर, ह्यात इचलकरंजीची माणसं दाखवत्यात न्हवं? मग म्हादू का दिसंना?”

आणि परवा आण्णा गल्ली दणाणून सोडत आले. “आला! म्हादू आला! आठवण काढली गड्यानं!” अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल.

मी फोन हातात घेतला. खरंच म्हादू होता. पण वर शोधायच्या चौकटीत बोट लागलं आणि खाली भराभर नावं उघडली : म्हादू, महादू, महादेव इचलकरंजी, परत म्हादू.

“आण्णा, तुम्ही त्याला रोज शोधताय. म्हणून ॲपनं दाखवला असेल.”

“म्हंजे त्यानं न्हाय काढली आठवण? मीच काढली?”

“तसं असेल. नसेलही. मला खरंच कळत नाही हो.”

आण्णा पायरीवर बसले. चप्पल काढून बाजूला ठेवली. मला फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, “मी एवढी काढतोय, म्हंजे मी पण त्याच्या फोनात दिसत असणार की?”

“दिसत असाल.”

“आणि माझा फोटो कंचा हाय त्यात?”

मी बघितलं. पाडव्याला शिंगं रंगवून, गोंडे बांधून सजवलेली त्यांची म्हैस होती.

“आयला! म्हंजे रोज त्याच्या दारात म्हसच हुबी ऱ्हातीया! काढा मास्तर, माझा चांगला फोटो काढा.”

ते भिंतीला टेकून ताठ उभे राहिले, तळहातानं केस बसवले. मी फोन वर धरला, तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले.

“रस्सा खारटच झालता, मास्तर,” ते हळूच म्हणाले. “ह्ये फोटोत कळंल न्हवं त्याला?”

मला काय ठाऊक? “कळेल,” म्हणालो आणि फोटो काढला.